प्रोसिडिंगातली एक ओळ

"मशीन चालू हाय मिस्त्री, पण लाईट न्हाई."

दूध सोसायटीचा सेक्रेटरी सकाळी साडेसातला शिरूर कासारातल्या माझ्या दुकानापुढं येऊन उभा होता. गाडीवरून उतरलाही नव्हता. मी शटर अर्धं वर केलं होतं, ते तसंच धरून विचारलं, "कोणतं मशीन?"

"तुमीच दिलेलं."

"म्हणजे ते भंगार?"

तो खाली बघायला लागला. खाली बघण्यासारखंच काम त्यानं केलं होतं.

ती सोसायटी माझ्याच गावची. त्यांना जनरेटर मी विकला होता. बंद पडलेल्या एका जिनिंग मिलमधून तो मी उचलला, दुकानात आणून सगळा खोलला, आतली तांब्याची तार स्वतःच्या हातानं नव्यानं भरली. मोटारी भरता भरताच मी दुकानापर्यंत आलो होतो, त्यामुळं ते काम मला कोणी शिकवायची गरज नव्हती. विकताना जुना आहे म्हणून सांगितलं होतं. चार माणसांदेखत सांगितलं होतं. पुढच्या वर्षी शेजारच्या गावानं कोरा जनरेटर आणला. आपल्याकडं जुना कावून, असं सभासदांनी वार्षिक सभेत विचारलं, तेव्हा चेअरमननं उभं राहून सगळं माझ्यावर ढकललं. सेक्रेटरीनं ते प्रोसिडिंग बुकात लिहून घेतलं. ती ओळ मला पाठ आहे. 'विक्रेत्याने भंगार यंत्र नवे भासवून संस्थेच्या गळ्यात मारले, याची ही सभा नोंद घेत आहे.' खाली सह्या, अंगठे.

माझी आई सभासद होती. त्या सभेत बायकांच्या बाजूला ती बसली होती. तिनं सोसायटीला दूध घालणं सोडलं नाही, कारण गावात दुसरी सोसायटी नव्हती. रोज सकाळी ती कॅन घेऊन जायची, आणि जनरेटर सुरू झाला की कोणीतरी म्हणायचंच, "वाजलं बघ तुझ्या लेकाचं भंगार." हे तिनं मला कधी सांगितलं नाही. मला दुसऱ्यांकडून कळलं.

तेव्हा सेक्रेटरी दारात आला, त्याचं मला वाईट वाटलं नाही. या दिवसाची मी वाट बघत होतो. हत्यारांची पिशवी घेतली आणि त्याच्या गाडीवर मागं बसलो.

उन्हाळा वाईट होता. गावच्या विहिरींनी माघातच तळ दाखवला होता. ऊसतोडीहून परतलेल्या लोकांना शेतात काम नव्हतं. घरात दोन पैसे येत होते ते दुधाचे, तेही बायका कुठून कुठून चारा आणून जनावरांना घालत होत्या म्हणून. त्यात गावाला वीज देणारी डीपी जळून चार दिवस झाले होते. दूध थंड करायची टाकी चार दिवस जनरेटरवर चालली होती, आणि आज सकाळी जनरेटर नुसता वाजत होता.

आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. सकाळचं सगळं दूध टाकीत पडलेलं होतं. टाकीवरचा काटा तीस अंशांपुढं होता. दुधाची गाडी अकराला यायची. तोवर दूध गार झालं नाही तर गाडीवाला ते घेत नाही, आणि त्या उन्हात दुपारपर्यंत ते फुटणार हे सगळ्यांना माहीत होतं. पंचवीसेक बाया रिकामे कॅन घेऊन भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या. त्यांत आई होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पदर डोळ्यावर ओढून घेतला.

जनरेटरचा आवाज मी दारातूनच ऐकला. इंजिन झकास चालत होतं. मी आत गेलो नाही. ऑफिसात गेलो, चेअरमनच्या समोरच्या खुर्चीवर बसलो आणि पिशवी मांडीवर ठेवली.

"आधी प्रोसिडिंग बुक काढा," मी म्हणालो.

"आरं, दूध तापतंय तिकडं!"

"तापू द्या. भंगाराला हात लावायची माझी इच्छा न्हाई. ते भंगार न्हाई असं लिहा, मग लावतो."

चेअरमन माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. गडी हुशार. त्यानं आवाज खाली आणला. "सभेत झालेला ठराव मी एकटा कसा खोडू? त्याला सभा लागती."

"खोडू नका. खाली नवीन नोंद घ्या. संचालक पाच लागतात ना? तीन तर हितंच उभे हायेत. दोघांना बोलवा."

"आणि मशीन सुरू झालंच न्हाई तर? लिहून बसू?"

"मग फाडा पान."

"प्रोसिडिंगचं पान फाडता येत न्हाई बे!"

एवढ्यात दारातून एका म्हाताऱ्या मावशीनं आत डोकं घातलं. "तुमचं भांडण हुईल सावकाश. मिस्त्री, तुज्या आईचं बी दूध हाय त्या टाकीत. ते नासलं तर पंचनामा करणार का?"

बाहेर बाया हसल्या. मला राग आला, पण तिचं खोटं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: बुक टेबलावर उघडं राहील, सेक्रेटरी पेनाचं टोपण काढून बसेल, संचालक गोळा होतील. बल्ब लागला की नोंद. त्याआधी नाही, त्यानंतर टाळाटाळ नाही. मी चेअरमनच्या हातावर हात मारून घेतला.

जनरेटरच्या खोलीत इंजिन बघणारा माणूस उभा होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी टेस्टचा बल्ब दोन वायरींना लावला. काळाच. मीटरचा काटा शून्यावरून जरासा थरथरायचा आणि तिथंच बसायचा. इंजिनाचा वेग बरोबर होता. फ्यूज बघितले, चांगले. उंदरानं कुठं वायर कुरतडली का बघितलं, नव्हती. इंजिन बंद करून मागचं झाकण काढलं. आतले कार्बन, म्हणजे फिरत्या कडीवर टेकून वीज पोचवणारे ठोकळे, त्यांच्या घरात मोकळे हलत होते, पण सगळ्यावर मातीचा थर होता. त्या वर्षी माती कशात गेली नव्हती? कार्बन काढून पुसले, कडी घासली, परत बसवले. त्यानं हँडल मारलं, इंजिन धडधडलं. बल्ब काळाच.

नऊ वाजून गेले. दारात बायांची गर्दी झाली.

"काय झालं त्येला?" मावशीनं विचारलं.

आता काय आहे ते मला कळलं होतं. असला जनरेटर वीज करतो ती आतल्या लोखंडात शिल्लक राहिलेल्या थोड्याशा चुंबकाच्या जोरावर. ते चुंबक पार उतरलं, की इंजिन कितीही फिरवा, काही येत नाही. पण हे बायांना कसं सांगणार? मी म्हणालो, "मावशी, दही लावायला विरजण लागतं का न्हाई? ह्याच्यातलं विरजण संपलंय."

"मग शेजारनं आण की वाटीभर."

"तेच आणायचंय. चेअरमन, तुमच्या जीपची बॅटरी काढा."

चेअरमन दचकला. "जीपची कावून? गाडी नवी हाय माजी."

"माझी आणलीच न्हाई. तुमच्या सेक्रेटरीच्या मागं बसून आलतो."

"काही झालं तर बॅटरीला?"

"झालं तर लिहून ठेवा की बुकात! सवय हाय तुमाला."

बाया पुन्हा हसल्या. त्या हसण्यानंच बॅटरी निघाली, माझ्या बोलण्यानं नाही.

इंजिन बंद करून रेग्युलेटरच्या वायरी सोडवून ठेवल्या आणि बॅटरीची दोन टोकं फील्डच्या, म्हणजे चुंबक करणाऱ्या वेटोळ्याच्या, दोन टोकांना लावली, अधिकाला अधिक, उण्याला उणे. बारीक ठिणगी पडली. दहा मोजून काढली. वायरी परत जोडल्या. हँडल मारलं. इंजिनानं वेग घेतला. सगळे बल्बाकडं बघत होते.

काही नाही.

घामानं माझा सदरा पाठीला चिकटला होता. बाहेर चेअरमन कोणाला तरी हळूच म्हणाला, "मी काय म्हणालतो?" ते मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आलं. मी पाना भिंतीवर फेकून मारला. पुन्हा बॅटरी लावायला वाकलो, तसा इंजिनवाला माझ्या कानाशी आला. "मिस्त्री, मेन वरच हाय."

मेन स्विच चालू होता. म्हणजे टाकीची मोटार जोडलेलीच होती, आणि जेमतेम उठू बघणारी वीज ती तिथल्या तिथं गिळत होती. शिकाऊ पोराकडून झाली असती तर मी त्याच्या कानाखाली दिली असती, अशी ही चूक, आणि ती माझी होती. रागात बघितलंच नव्हतं. मी मेन खाली ओढला. इंजिन बंद, बॅटरी, दहा आकडे, पुन्हा हँडल.

बल्ब आधी लालसर झाला, मग पिवळा, मग बघवेना. मी मेन वर केला. इंजिन एकदा दबलं, सावरलं, आणि टाकीचा पंखा फिरायला लागला. दहाला पाच कमी होते.

"लागली बाई लाईट," कोणीतरी म्हणालं. आई उठून उभी राहिली होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

सेक्रेटरी बुक घेऊन तिथंच आला. "बिघाड कशामुळं, ते बी लिहावं लागंल. कारण काय टाकू?"

चुंबक असं सहज उतरत नाही. महिनोन् महिने बंद राहिलं तर उतरतं, पण भारनियमनामुळं हे तर रोज चालत होतं. मी इंजिनाभोवती फिरलो. डिझेलच्या पंपावरचा हवा काढायचा बारका नट दिसला. त्याच्या सहाही कडा झिजून तो गोल झाला होता, नाण्यासारखा चकाकत होता. इंजिनातलं डिझेल पार संपलं की नळीत हवा शिरते, आणि पुन्हा सुरू करताना तो नट ढिला करून ती काढावी लागते. वर्षातून एखाद्या वेळेला. हा नट रोज उघडला जात होता.

"इंजिन बंद कसं करता तुमी?" मी इंजिनवाल्याला विचारलं.

"बंद करत न्हाई. मापानं डिझेल घालतो. संपलं की आपसूक बंद हुतं."

"मेन चालू असताना?"

"हां. रोज तसंच."

मग बरोबर होतं. डिझेल संपत आलं की इंजिन आचके देतं, वेग पडतो, टाकीची मोटार मात्र ओढतच राहते. रोज तसं मरता मरता लोखंडातलं होतं नव्हतं ते निघून जातं. मी उसळलो. "कोणत्या गाढवानं शिकवलं हे?"

 इंजिनवाला म्हणाला, "तुमीच की."

मला आठवलं. विकायच्या दिवशी व्यवहार अडला होता. टाकीत डिझेल शिल्लक राहिलं तर रात्रीतून चोरीला जाईल, म्हणून चेअरमन मागं सरत होता. तेव्हा मी म्हणालो होतो, "शिल्लक ठेवताच कशाला? मापून घाला. दूध गार व्हायला आणि डिझेल संपायला एक गाठ." चेअरमनला ते फार आवडलं होतं. त्या एका वाक्यावर जनरेटर विकला गेला.

चेअरमन दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं ऐकत होता. हसला नाही, पण मिशीवरून हात फिरवला.

अकराला दुधाची गाडी आली. काटा अठरावर होता. ड्रायव्हर म्हणाला, घेत नाही. मी गाडीच्या दाराला धरून उभा राहिलो. पुढची गावं आधी कर, येताना इकडून जा, तासात दूध चारवर आणून देतो, असं म्हणालो. तो म्हणाला, वळसा पडतो. मी म्हणालो, तुझ्या गाडीचा डायनामो गेला तर रस्त्यावर कोणाच्या नावानं ओरडशील? असं अर्धा तास. शेवटी शिवी देऊन त्यानं हो म्हटलं. साडेबाराला तो परत आला, काटा बघितला आणि नळी जोडली.

तोवर बऱ्याच बाया निघून गेल्या होत्या. पाण्याचा टँकर आल्याची हाक आली होती, आईही घागरी आणायला पळाली होती. पाच संचालक, सेक्रेटरी, इंजिनवाला आणि ती मावशी एवढे उरले. बुक उघडं होतं.

"सांगा, काय लिहू?" सेक्रेटरी म्हणाला.

'संस्थेने चुकीच्या रीतीने यंत्र वापरले' एवढंच लिहायला लावता आलं असतं. चेअरमन अडकलेला होता, त्यानं सही केली असती. पण इंजिनवाला समोर उभा होता आणि त्याचे डोळे माझ्यावर होते. मी दोन वाक्यं सांगितली. 'सदर यंत्र भंगार नव्हते व नाही, आणि ते जुने असल्याचे विक्रेत्याने विकतानाच सांगितले होते. यंत्र बंद करण्याची रीत विक्रेत्याने चुकीची सांगितली होती, ती आजपासून बदलण्यात येत आहे.'

सेक्रेटरीनं लिहिलं. सही करायच्या आधी चेअरमननं बुक हातात घेतलं आणि नियमाप्रमाणं वाचून दाखवलं. पहिलं वाक्य तो पुटपुटला. दुसरं असं खणखणीत वाचलं की रस्त्यावरची माणसं थांबली.

"परत वाचा," मी म्हणालो.

"वाचलं की."

"पहिलं वाक्य. परत वाचा."

त्यानं वाचलं.

"मोठ्यानं."