मायची मशीन आन् माया खिशातला इस्क्रू

सिंदेवाही तालुक्यात माया हाताखालून गेलेली एकही मशीन मी अर्धवट सोडली नाई. हां, बऱ्याचशा लोकायनं अर्ध्यावरच माया हातातून हिसकून नेल्या, ते वेगळं.

मी गुनवंता. फाट्यावर माई सायकल अन् पंप दुरुस्तीची टपरी हाये. शाळेत मी गेलो ते एकदाच, छपराचे कवेलू सरकवायले. म्हणून मी बोलून राह्यलो आन् माई भाची टाइप करून राह्यली. मधामधात हासते ते, तिकडं लक्ष देऊ नका.

भूत-पिशाच आपण कधीच मानलं नाई. तरणा होतो तवा तलावाच्या पाळीवर पांढरं काहीतरी हललं म्हणून चपला टाकून पळालो होतो. सकाळी पाह्यलं तर सरपंचाची कालवड माई चप्पल चघळून राह्यली होती. तवापासून तर बिलकुलच मानत नाई. आन् ही गोष्ट मी एकट्यानं पाह्यली असती तर सांगतलीच नसती... पण तिघायनं पाह्यली. भर दुपारी, जेवता जेवता.

दोन हजार साल लागणार होतं, तो हिवाळा. रेडिओवर सांगत का साऱ्या जगातले कम्प्युटर बंद पडणार. आमच्या घरी कम्प्युटर नोता. मायची शिलाई मशीन तेवढी होती, ती आधीच बंद पडली होती.

आमी ढिवर लोक. तलावाच्या पाळीखाली घर, पुढं आंगन, आंगनात शेवगा. बाप जाळं टाके आन् माय कपडे शिवे. मशीन हातानं फिरवायची, काळी, वरून लाकडाचं कुबडं झाकण आन् उचलायले मूठ. बजारच्या दिवशी माय ती डोक्यावर घेऊन जाये आन् कडूनिंबाखाली पोतं टाकून बसे. चोळ्या, बंड्या, पोट्ट्यायचे झबले... जाळं फेकणाऱ्याची बंडी पहिले काखेत फाटते, धानाचा रोवणा करणाऱ्या बाईची चोळी बी तिथीच फाटते. म्हणून माय काखेत एकावर एक तीन शिवणी मारे. सारं गाव ओळखे, ही तिच्या हातची काख.

मले ती मशीनले हात लावू देत नोती. लहानपणी मी घरचं अलारामचं घड्याळ खोलून पाह्यलं होतं. त्यानंतर ते घड्याळ लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून कामी आलं.

माय गेली, मशीन माळ्यावर गेली. कवेलूतून पाणी गळे ते नेमकं तिच्यावर. मंग बायकोच्या कोंबडीनं तिथी अंडे घातले. मशीनीचा उपयोग बंद झाला असं म्हणता येत नाई.

त्या साली माई लहान बहीण सुमी पोट्टीले घेऊन घरी आली. जावई काविळीनं गेला. सासरचे म्हणत, राहा, पण वावरात राबायचं आन् पोट्टीची शाळा बंद. सुमीले शिवणं येत होतं, मायच्या बाजूले बसून शिकली होती. ती म्हणे, "दादा, मायच्या जागेवर बसली तर मी इथीच राहीन. तुया जिवावर नाई, आपल्या जिवावर. नाई जमलं तर जाईन सासरी."

आता त्या जागेचं ऐका. आमच्या बजारात जागेचा कागद-बिगद नसते. ज्याची टोपली त्याची जागा. माय गेली तवापासून बाजूच्या बांगडीवाल्या अनुसयाबाईनं तिथी आपली रिकामी टोपली ठेवून जागा धरली होती. बुढी एक दिवस घरी आली आन् उभ्या उभ्याच म्हणे, "सुमे, चिवडावाला माया टोपलीवर डोळा ठेवून राह्यला. येत्या बजारले मशीन घेऊन बसली तर जागा तुही. नाई तर टोपली उचलतो मी. माया गुडघ्याचा काही भरोसा नाई." मंग कमरेतून लाल कापड काढलं. "ही माई चोळी शिव. बजारात घालून पाहीन, चार बायायले दिसलं पाह्यजे."

सुमीनं माया तोंडाकडं पाह्यलं. "दादा, होईन का मशीन?"

"होईन का म्हणजे? झाली समज."

आतून बायको म्हणे, "बाई, पिशवी भरूनच ठेवा तुमी."

मले राग आला... पण तोच राग कामी आला. टपरी बंद केली, आंगनात पोतं टाकलं आन् मशीन खोलली. राखेनं घासली, रॉकेलात बुडवली. आत डोंग्यासारखं एक लांबट शटल असते, त्यात खालचा दोरा राह्यते. ते सडून गेलं होतं. चंद्रपूरले गेलो. दुकानदार म्हणे, "काका, याचे पार्ट आता भंगारात भेटते." तो हासून राह्यला होता, पण मी खरंच भंगारात गेलो. बल्लारपूरले एका भंगारवाल्याजवळ अशीच एक मोडकी मशीन भेटली, तिचं शटल काढून आणलं. दोरा ताणायची स्प्रिंग तुटली होती, ती सायकलच्या ब्रेकच्या तारेतून एक बारीक तार काढून वळवली. तीनदा उडाली, तिन्ही वेळा कोंबडीलेच लागली. चौथ्यांदा बसली.

आता तेल. मशीनीचं तेल आणायले मी विसरलो होतो. पण घरी मोहाच्या टोळंबीचं, म्हणजे बियायचं, तेल होतं... त्याच्यावर आमचा दिवा जळते, तळण होते, डोकं बी चोपडता येते. मंग मशीन काय जास्त शिकलेली हाये का? ओतलं. सांजच्यापारी चाक असं फिरलं का सुमी टाळ्या वाजवायले लागली. मी मिशीले ताव देला.

सकाळी मशीन जाम. हँडल हलेना. दोन्ही हातानं लटकलो तरी हलेना. सुमी रडकुंडीले आली, "दादा, माय रागावली. तिनं तुले हात लावू देला नोता." आपण तर मानत नाई, पण एक उदबत्ती लावून टाकली, म्हणलं लावल्यानं काही बिघडत नाई.

बायको चुलीपासून तेलाची वाटी घेऊन आली आन् माया तोंडासमोर उलटी केली. एक थेंब पडला नाई.

"थंडीनं गोठलं तेल," ती म्हणे. "तूप झालं त्याचं. उदबत्ती काढा अन् कढईत ठेवा मशीन."

पुन्हा सारी खोलली. पुन्हा रॉकेल. या वेळी खरं तेल आणलं. पुन्हा जोडली... आन् एक इस्क्रू उरला. माया हातून काही बी जोडलं का एखादा इस्क्रू उरतेच, मी त्याले शकुन समजतो. खिशात टाकला.

चाक फिरे, सुई खालीवर होये, पण शिवण? वरून सरळ, खालून दोऱ्याचं नुसतं जाळं. मासे धरता आले असते. खोलतो, इस्क्रूची जागा शोधतो, भेटत नाई, जोडतो, पुन्हा जाळं. बजाराच्या आदल्या दिवसापर्यंत हेच. सुमीनं उसवून उसवून अनुसयाबाईच्या चोळीची एक बाजू कशीतरी काखेपर्यंत आणली होती. तिथी दोरा असा गुतला का तिनं चाक सोडून देलं. उठली आन् पोट्टीची पाटी पिशवीत ठेवली.

मी म्हणलं, "अवं, आजून दिवस मावळला नाई. जेवून घेऊ, मंग पुन्हा खोलतो."

मशीन बाजेवर उन्हात ठेवली होती, चोळी तशीच सुईखाली. भाची शाळेत. आमी तिघं समोरच्या ओट्यावर भात खाऊन राह्यलो होतो, बाजेपासून हातभर लांब.

आन् मशीन चालायले लागली.

पहिले वाटलं बाजूच्या घरचा आवाज हाये. मंग पाह्यलं... हँडल फिरून राह्यलं होतं. जोरानं नाई. दोन फेरे, थांबे. दोन फेरे, थांबे. थांबलं का कापड जरासं वळे, जसं कोणी बोटानं ओढून राह्यलं. काखेच्या गोलाईवर माय असंच शिवे. माया तोंडात घास तसाच. बायकोच्या हातातला वरणाचा चमचा तसाच वर. सुमी हळूच म्हणे, "माय..." एवढंच.

गोलाईवरून एकदा गेली. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा एकदा. मंग हँडल वर येऊन थांबलं.

खरं सांगू, मले त्या वेळी देव आठवला नाई, भूत आठवलं नाई. मले खिसा आठवला. हात लावून पाह्यला. इस्क्रू तिथीच होता.

बायकोच पहिले उठली. चोळी उलटी करून पाह्यली. काखेत एकावर एक तीन शिवणी, खालून मोहरीच्या दाण्यावानी बारीक टाके, कुठीच जाळं नाई. मी मशीन उचलून खालून पाह्यलं, म्हणलं उंदीर असन. पण उंदराले काख शिवता येत नाई. मंग म्हणलं उन्हानं तेल पातळ झालं, हँडल आपल्या वजनानं खाली आलं. हँडल वर नेऊन सोडून पाह्यलं. अर्धा फेरा खाली आलं आन् लटकून राह्यलं. बस.

सुमीनं हात धुतले. पदर खोचला, बाजेवर बसली, चाक धरलं आन् दुसरी काख शिवायले घेतली. मशीन लोण्यावानी चालली. मी पेचकस घेऊन पुढं गेलो तर दोघी एकदमच ओरडल्या, "नका!"... "दादा, हात लावू नको!"

दुसऱ्या दिवशी सुमी मशीन डोक्यावर घेऊन बजारात गेली, मी मागून पोतं घेऊन. आमी तिघायनं ठरवलं होतं, कोणाले काही सांगायचं नाई. अनुसयाबाईनं चोळी हातात घेतली. गळा पाह्यला नाई, बाह्या पाह्यल्या नाई, सरळ काखेत बोट घातलं. मंग दुसऱ्या काखेत.

"ही डावी तुह्या मायची हाये," ती म्हणे. "ही उजवी तुही, सुमे. बरी हाये. मधली शिवण जरा सैल हाये, येईन हात बसल्यावर."

आन् तिनं आपली टोपली उचलली. सुमीनं तिथी पोतं टाकलं.

याले आता बरेच वर्स झाले. सुमी आजून तिथीच बसते, सासरी गेली नाई. जिची पाटी पिशवीत गेली होती तीच हे टाइप करून राह्यली. इस्क्रू मी काड्याच्या पेटीत ठेवला हाये. एकदा चंद्रपूरच्या त्याच दुकानदाराले दाखवला. तो म्हणे, हा तर सुईच्या दांड्याचा हाये, याच्याशिवाय खालून जाळंच होते, सरळ शिवण होऊच शकत नाई. मी म्हणलं, शिवून राह्यली ना. तो म्हणे, "काका, उन्हातून आले तुमी, पाणी प्या." मी पाणी पेलो आन् घरी आलो. त्याच्या पुढचं मले आजही समजलं नाई, कोणाले समजत असन तर सांगा.

अनुसयाबाईले मात्र मी त्याच दिवशी बजार उठता उठता सारं सांगून टाकलं. माया पोटात गोष्ट राह्यत नाई. इस्क्रू बी दाखवला आन् हळूच इचारलं, "बाई, इतक्या वर्सानं माय काऊन आली असन?"

बुढीनं बांगड्यायच्या जुड्या टोपलीत भरता भरता वर पाह्यलं बी नाई.

"काऊन म्हणजे? तुनं दुरुस्त केली म्हणून यावं लागलं तिले."