हवा आमची, आकडे काकूंचे

माणसानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तरी किती? मी पाडून घेतला तो सगळ्यांदेखत, वर पेढे वाटून! हसा, खुशाल हसा. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातली अर्धी मराठी मंडळी आधीच हसून मोकळी झाली आहेत.

तर आमच्या मंडळाचं दरवर्षी एक नाटक होतं. आणि नऊ वर्षं त्या नाटकाचा नायक मी! वय विचारू नका. नायक कॉलेजातला असला की मी केस रंगवतो आणि पोट आत घेऊन दोन अंक काढतो. वर्षभर ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या माणसाला एक संध्याकाळ टाळ्या मिळतात हो! त्या कोण सोडेल?

त्या सुटाव्यात असं एकाच व्यक्तीला वाटत होतं. आमच्या दिग्दर्शिका, सुनंदाकाकू. सत्तरीच्या, चाळीस वर्षं याच देशात. नागपूरहून नुकताच आलेला राहुल त्यांच्या नजरेत भरला होता. वय सव्वीस आणि केस मुळातच काळे! पण नऊ वर्षांच्या नायकाला काढायचं कसं? ती सोय मीच करून दिली.

त्या वर्षी प्रायमरी सुरू होत्या. अध्यक्षपदाला पक्षाचा उमेदवार कोण, ते एकेका राज्यात मतदान घेऊन ठरवायचं, ती भानगड. मी ग्रीन कार्डवाला, मला काही मतदान करता येत नाही. म्हणून काय मी गप्प बसायचं? मी मूळचा मिरजेचा. आमच्याकडे पानपट्टीवर उभं राहून माणसं छातीठोक सांगतात, हवा कुणाची आहे ते!

माझा जीव जडला एका तरुण गव्हर्नरवर. समोर एक सिनेटरबाई होत्या, शांत, मोजकं बोलणाऱ्या, काकूंच्या लाडक्या. माझ्या गव्हर्नरनं एक राज्य जिंकलं. मग दुसरं. मग तिसरं! मी फ्रिजवर नकाशा चिकटवला आणि जिंकलेलं राज्य जांभळ्या स्केचपेननं रंगवायला लागलो. बघता बघता सहा राज्यं जांभळी झाली.

"बाबा, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स," आमची ईशा म्हणाली. पंधरा वर्षांची आहे. "यू हॅव टू काउंट द डेलिगेट्स."

"बाळा, जिंकला तो जिंकला," मी म्हटलं आणि सहावं राज्य आणखी गडद केलं.

रविवारी काकूंकडे नाटकाचं वाचन होतं. मी एक किलो पेढे घेऊन गेलो.

"काकू, तोंड गोड करा. निवडणूक संपली!"

"कुणी संपवली?"

"लागोपाठ सहा राज्यं! तुमच्या बाईंनी काय जिंकलं? एक!"

"पण केवढं मोठं, मिलिंद."

"एक म्हणजे एक! लावा पैज. माझा गव्हर्नर हरला तर यंदा मी नायक नाही. पडदा ओढीन, पडदा!"

राहुल वही मिटून सावरून बसला. काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"सगळ्यांनी ऐकलं ना रे?" त्या म्हणाल्या. "मग आता बैस. तुला दाणे देते."

मला वाटलं, खायला. पण काकूंनी शेंगदाण्यांची बरणी टीपॉयवर आडवी केली!

"हे डेलिगेट," त्या म्हणाल्या. "म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी. राज्य जिंकलं म्हणून ते सगळे तुला मिळत नाहीत. या पक्षात मतांच्या प्रमाणात वाटणी होते. तुझा गव्हर्नर जिंकला, पण निसटता. समज, सहा दाणे तुला, पाच मला. अशी सहा राज्यं. कितीनं पुढे आहेस?"

"सहानं," मी ऐटीत म्हटलं.

"आता माझं एक राज्य. मोठं आहे आणि तिथे बाईंनी धुव्वा उडवला. तीस मला, दहा तुला. आता?"

मी बोटं मोजायला लागलो. दोनदा मोजली, तरी चौदानं मागे!

आता तुम्हीच सांगा, मला कसं कळणार? आमच्याकडे एका मतानं निवडून आला तरी अख्खी जागा त्याची, हरलेल्याच्या हातात भोपळा. अमेरिकेत चौदा वर्षं राहूनही निवडणूक मी मिरजेचीच बघत होतो.

तेवढ्यात काकूंच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, सहज एक ढीग उचलून तोंडात टाकला.

"काका, अहो ते राज्य आहे!" मी ओरडलो.

"खारट आहे," काका म्हणाले.

खरं सांगतो, काकू मनानं मोठ्या. म्हणाल्या, "पैज मागे घे हवं तर. जोशात बोललास." घ्यायला हवी होती! पण समोर राहुल गालातल्या गालात हसत होता. माझं डोकं फिरलं.

"आकडे तुमचे असतील काकू, पण हवा आमची आहे!"

"असू दे," काकू म्हणाल्या. "हवेनं गुढी फडफडते रे. उभी काठीवर राहते."

पुढचे तीन महिने गव्हर्नर जिंकतच राहिला. छोटी राज्यं आणि तीही केसाच्या अंतरानं. मी रंगवत राहिलो. जूनमधलं अगदी शेवटचं राज्यसुद्धा त्यानंच जिंकलं! मी हॉलमध्ये नाचलो आणि काकूंना फोन लावला.

"काकू, जिंकलो!"

"अभिनंदन हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हर्नर टीव्हीवर आला. बायकोमुलांचे आभार मानले आणि सिनेटरबाईंचं मनापासून अभिनंदन केलं. दाण्यांची मोजणी त्यालाही कुणीतरी दाखवली असावी. फ्रिजवरचा माझा नकाशा तीन चतुर्थांश जांभळा होता. ईशा दूध काढायला आली, नकाशाकडे बघितलं आणि म्हणाली, "नाइस कलरिंग, बाबा."

वाईट वाटलं हो. गंमत राहू द्या, खरंच वाईट वाटलं. चेहरा पाडून काकूंकडे गेलो.

"काकू, एखादा छोटा रोल? पोस्टमन वगैरे?"

"पडदा म्हणाला होतास."

"हो, पण…"

"आणि सोपं समजू नकोस. तीन घंटा होतात. तिसरीनंतर पडदा उघडायचा. तीनपर्यंत मोजायचं आहे, मिलिंद. जमेल?"

प्रयोगाचा दिवस उजाडला. हॉल खचाखच भरलेला. मी विंगेत, हातात दोरी. पहिली घंटा झाली. दुसरी झाली आणि कोपऱ्यातून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मग शिट्ट्या. मग सगळा हॉल! नऊ वर्षं ज्याच्यावर जगलो तो आवाज. काय हवा होती म्हणून सांगू! अंगावर काटा आला आणि मी दोरी ओढली.

स्टेजच्या मधोमध राहुल उभा होता. एक पाय पँटमध्ये, एक बाहेर. आणि काकू गुडघ्यावर बसून पँटच्या टोकाला टाचण्या लावत होत्या. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांना बोलता येईना. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती दोन बोटं वर करून दाखवली. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. माझ्या नऊ वर्षांतल्या सगळ्या एन्ट्र्या मिळूनही एवढ्या टाळ्या झाल्या नसतील.

यंदा काकूंनी मला पडद्यावरूनही काढलं आहे. आता मी मध्यंतरात बटाटेवडे वाटणार. माणशी दोन. मोजायला सोबत ईशा दिली आहे.