माझं एकवीस तासांचं मौन

आमच्या घरात मी एकदा एकवीस तास बोलले नाही, आणि त्यामुळं माझा संसार मोडायची वेळ आली.

मौन मी हौसेनं धरलं नव्हतं. हौसेनं मी आयुष्यात एकच गोष्ट केली, ती म्हणजे मुकुंदवाडीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत गाण्याचा क्लास. एकोणीस वर्षं! पेटी माझी, सतरंजी माझी, घसा माझा. ना कुठल्या कॉलेजची नोकरी, ना शाळेचा पगार. माझ्या गुरुजींनी मला जसं शिकवलं तसंच मी पोरांना शिकवत आले. म्हणजे पोरगं चुकलं की ओरडायचं, आणि नाही चुकलं तर आता चुकेल म्हणून आधीच ओरडायचं.

अशात आमच्या समोरच्याच इमारतीत एका पोरीनं क्लास काढला. काचेचं दार, आत एसी, बाहेर चकचकीत बोर्ड : 'व्हॉइस कोच'. (मग आम्ही इतकी वर्षं काय भांडी घासत होतो?) माझी पाच मुलं रस्ता ओलांडून तिकडं गेली. उरलेल्यांपैकी एकीची आई एक दिवस दारातूनच, चप्पल न काढता, मला विचारते, "मॅडम, तुमचं ट्रेनिंग कुठं झालं?"

मी गुरुजींचं नाव सांगितलं. कानाची पाळी धरून सांगितलं.

"ते गाण्याचं झालं. गाणं येतंच तुम्हाला. शिकवण्याचं ट्रेनिंग कुठं झालं?"

मला इतका राग आला, की मी दुसऱ्याच दिवशी जाऊन ट्रेनिंगला नाव घातलं. रागाच्या भरात लोक घर सोडतात, मी फॉर्म भरला. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर सहा रविवार 'घरगुती गायन शिक्षकांसाठी प्रशिक्षण' होतं. घरगुती! घरगुती पापड ऐकले होते, घरगुती शिक्षक पहिल्यांदाच ऐकले. शिकवायला बत्तीस वर्षांची एक मॅडम. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि आवाज इतका हळू की पहिल्या दिवशी मला वाटलं, हिला ताप आहे.

दुसऱ्या रविवारी तिनं सांगितलं, "आपल्या क्लासची दहा मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा आणि मोजा. तुम्ही किती वेळ बोलता, विद्यार्थी किती वेळ गातो."

मी मोजलं. नऊ मिनिटं माझा आवाज होता. उरलेल्या एका मिनिटात कुकरच्या दोन शिट्ट्या होत्या आणि पोरीनं एकदा 'सा' म्हटला होता, तोही मी अर्ध्यात तोडला होता. "कुकर तरी सुरात होता का?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी त्या माणसाशी पुढचे दोन रविवार बोलले नाही.

शेवटच्या रविवारी परीक्षा होती. प्रत्येक शिक्षकानं घरातल्या एका कधीच न गायलेल्या माणसाला सगळ्यांसमोर वीस मिनिटं शिकवायचं. त्यात पास झालं तरच सर्टिफिकेट. ते दाराशी लावलं, की त्या चप्पलवाल्या बाईला मी चप्पल काढायला लावणार होते! माझा न गायलेला माणूस ठरलेलाच होता : आमचे हे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्यांनी गणपतीच्या आरतीलासुद्धा कधी तोंड उघडलं नाही, फक्त टाळ्या वाजवतात.

"मी नको," हे म्हणाले. "दुसरं कुणी बघ."

"का? वीस मिनिटं बसायला काय होतंय?"

"तसं नाय... बरं, बघू." आणि हे घाईघाईनं चक्कर मारायला निघून गेले. सहा-आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हापासून हे रोज संध्याकाळी चालत होते. (वजन मात्र तिळभर कमी झालं नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.)

इकडं पाचव्या रविवारी माझा घसा असा खरखरायला लागला, की मॅडमनं मला बाजूला घेतलं. "सुमनताई, या शुक्रवारी संध्याकाळी सहापासून रविवारी सकाळी दहापर्यंत पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर परीक्षेला तुमचा आवाज लागायचा नाही."

ठीक आहे म्हटलं. शुक्रवारी साडेपाचला हे चक्कर मारून आले की समजावून सांगायचं आणि सहाला तोंड मिटायचं, असा माझा बेत. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. सहा झाले, ह्यांचा पत्ता नाही! सहा वाजून आठ मिनिटांनी हे दारात आले तेव्हा माझं मौन सुरू झालेलं होतं, आणि डोकंही तापलेलं होतं. लहान मुलांना स्वर लिहून द्यायची पाटी होती, ती मी उचलली आणि लिहिलं : 'मी बोलणार नाही. रविवारपर्यंत काही विचारू नका.'

ह्यांनी पाटी वाचली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आमच्या घरात मी चिडले की ओरडते, फार चिडले की भांडी आपटते. पण अबोला धरून दिवसाची मुदत लिहून देण्याइतकी मी कधीच चिडले नव्हते. हे हळूच खुर्चीच्या टोकाला बसले.

"तुला कळलं व्हय?" हे म्हणाले.

मी पाटी पुसली, 'घशासाठी मौन आहे' असं लिहायला खडू उचलला, तेवढ्यात हे म्हणाले, "तंबोरा मांजरीनं नाय पाडला."

माझा खडू हवेतच राहिला.

"बल्ब बदलताना माझा धक्का लागला. भोपळ्याला चीर गेली. तू इतकी ओरडत आलीस, की मी मांजरीचं नाव सांगितलं."

तीन वर्षं! तीन वर्षं मी शेजारच्या शमीमभाभींच्या त्या गरीब मांजरीला पायरी चढू दिली नव्हती. शमीमभाभींना तोंडावर ऐकवलं होतं! माझ्या गळ्यापर्यंत शब्द आले होते. मी ते गिळले. आणि तेव्हाच मला एक गोष्ट समजली. आपण गप्प बसलो, की हा माणूस आपोआप बोलतो. मी खडू खाली ठेवला. मौन कशाचं आहे ते सांगायचंच नाही, असं ठरवलं, आणि ह्यांच्याकडं नुसती बघत बसले. माझ्या पापाची सुरुवात इथं झाली.

जेवताना हे पुन्हा बोलले. "क्लासचा बोर्ड वादळात उडाला नव्हता. मीच काढला. दुपारी झोपेत लोक बेल वाजवायचे."

मी भुवई वर केली. कुठंय?

"मागं पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून... लई फिट बसतोय."

म्हणजे त्या समोरच्या पोरीचा बोर्ड रात्रंदिवस चमकत होता, आणि माझा बोर्ड, माझ्या नावाचा, आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाच्या पाण्यावर तोंड खाली करून पडला होता! मी पोळी अशी तोडली, की ह्यांनी ताट मागं ओढलं.

सकाळी शमीमभाभी धावत आल्या. "क्या हुआ भाभी? कल से तुमारी आवाज नै आ री! मेरा दूध उतू गया!" मला काही कळेना. त्यांनी सांगितलं, की सात वाजता मी पहिल्या मुलीला 'बेसूर!' म्हणून ओरडते, तेव्हा त्या गॅस बंद करतात. बारा वर्षं त्यांचं दूध माझ्या ओरडण्यावर तापत होतं. मी पाटीवर लिहिलं : 'तुमची मांजर निर्दोष आहे.' त्यांनी ते ह्यांच्याकडून वाचून घेतलं (ह्यांनी कोणत्या तोंडानं वाचलं, ते विचारू नका), माझ्या कपाळाला हात लावला आणि घाबरून खाली बसल्या.

दुपारी खुलताबादच्या वन्सं आल्या. आमच्या ह्यांच्या थोरल्या बहिणीला हेच फोन करून म्हणाले होते, 'आक्का, ती बोलंनाच.' वन्सं सीताफळांची टोपली आणि दोन लिंबं घेऊन बसनं आल्या.

"सुमन, बोल गं बाई! तू बोलंनास म्हंजी काय तरी लईच इपरीत झालंय. तुला नजर लागली का ह्यानं काय केलं?"

मी डोळे रोखून ह्यांच्याकडं बघितलं.

"नजर नाय ही," वन्सं भावाकडं वळल्या. "हिचं डोळं बघ. तूच काय तरी केलंस. बाई-बिई हाय का कुणी?"

"आक्का!"

"मग रोज संध्याकाळी जातोस कुठं? तुझं पोट तर हाय तिथंच हाय!"

आता खरं सांगते, इथं माझा राग जरा थंडावला आणि मी मनातल्या मनात हिशेब मांडला. चक्कर, उशीर, न उतरणारं वजन. मी पाटी घट्ट धरली. सकाळपासून बसलेल्या शमीमभाभी पुटपुटत बोटांवर दुआ मोजत होत्या. हे उठले, खिडकीपाशी गेले आणि समोरच्या काचेच्या दाराकडं बोट दाखवलं.

"तिथं जातो. चार महिनं झालं. गाणं शिकतोय."

"काय?!"

हे मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. एकवीस तासांत जे जे गिळलं होतं, ते सगळं मी पुढच्या पाऊण तासात बाहेर काढलं : तंबोरा, मांजर, बोर्ड, ड्रम, एसी. बाई असती तरी परवडली असती, असंसुद्धा मी वन्संसमोर म्हणाले! माझ्या घरात पेटी, माझ्या घरात मी, आणि माझा नवरा त्या पोरीला गुरू करतो! शिवाय उद्याच्या परीक्षेला न गायलेला माणूस कुठून आणू? शेवटी माझा आवाज चिरकला, मग फाटला, मग नुसता वारा येऊ लागला. शमीमभाभी मात्र खूश होत्या. "अब लगा, भाभी ठीक हैं," म्हणून त्या दूध तापवायला गेल्या.

सगळं शांत झाल्यावर हे म्हणाले, "तुला विचारलं होतं मी. पहिल्याच वर्षी. मला पण शिकव म्हणालो होतो."

मी मान हलवली. नाही, कधीच नाही.

"विचारलं होतं. तू सगळ्या पोरांसमोर म्हणालीस, तुमचा गळा म्हणजे रिकामा ड्रम. एकोणीस वर्षं मागच्या खोलीतून ऐकतोय, सुमन. तुझी सगळी गाणी मला पाठ हायेत. पण तुझ्यासमोर तोंड उघडायची भीती वाटती."

मला ते आठवत नव्हतं. एवढं मोठं बोललेलं मला आठवतसुद्धा नव्हतं, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. वन्संनी सीताफळ फोडून माझ्या हातात दिलं. ते घशाला वाईट, पण आता घसा होता कुठं!

रविवारी मी पाटी घेऊन परीक्षेला बसले. ह्यांनी उभं राहून सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं, "मी चार महिनं शिकलोय, पण हिच्याकडून एक दिवसही नाय. चालत असलं तर बघा." मॅडम चालेल म्हणाली. मी पेटीवर 'सा' धरला. हे गायले. 'सा' लागला, 'रे' लागला आणि 'ग' खाली घसरला. माझ्या तोंडात 'बेसूर!' तयार होतं, नुसता वारा आला. हात शिवशिवत होते. मला बाकी काहीच करता येत नव्हतं, म्हणून मी पेटीचा 'ग' दाबून धरला आणि थांबले. एवढा वेळ मी कुणासाठी थांबले नव्हते. हे डोळे मिटून शोधत राहिले, आणि तो 'ग' त्यांचा त्यांना सापडला. सत्तावीस वर्षांत मी ह्यांचा गाता आवाज पहिल्यांदा ऐकत होते. बरा होता. चांगलाच होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, कारण त्या समोरच्या पोरीनं ह्यांना नीट शिकवलं होतं.

मी पास झाले. मॅडमनं शेऱ्यात लिहिलं : 'ऐकण्याची क्षमता उत्तम.' माझ्या ओळखीच्या कुणालाही हे वाचून दाखवलं, की तो पुन्हा एकदा वाचायला मागतो.

आठ दिवसांनी घसा उघडला. बोर्ड धुऊन दारावर लावला, शेजारी सर्टिफिकेट. चप्पलवाल्या बाईनं चप्पल काढून ते वाचलं. शमीमभाभींची मांजर आता क्लास चालू असताना पेटीशेजारी झोपते, मी तिला दूध देते. फक्त हे अजून रोज संध्याकाळी रस्ता ओलांडतच होते.

शेवटी मी म्हटलं, "आता तरी तो क्लास सोडा. घरात ट्रेनिंग झालेली बाई आहे."

"सोडतो की," हे म्हणाले. "तुझ्याकडंच शिकतो. पण ज्या दिवशी तुझा घसा बसलेला असंल, त्याच दिवशी."

हे ऐकून मी अशी काही ओरडले, अशी काही ओरडले, की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हे अंघोळ करून, वही घेऊन, माझ्यासमोर सतरंजीवर येऊन बसले.