बिनबैलांची तिफण

दाराला जवसाचं तेल लावायला घेतलं आणि यवतमाळजवळचं ते उघड्यावरचं शेती संग्रहालय आठवलं. लकव्यानं बाबांची वाचा गेली होती. जुनी अवजारं पाहून तरी बोलतील, म्हणून आम्ही त्यांना तिथं नेलं. तेल पाजलेल्या तिफणीपुढं माय रडकुंडीला आली, "काही तं बोला ना जी!" बाबांनी तिच्या रुमण्यावर, धरायच्या दांड्यावर, हात ठेवला आणि मागं वळून पाहिलं. पेरणीत त्यांच्या मागं बी सोडत मायच चालायची. मायनं तिफणीभोवतीचा दोर ओलांडला, मागं बांधलेल्या सरत्याच्या बी सोडायच्या नळीवर रिकामी मूठ धरली. बाबा नसलेल्या बैलांवर ओरडले, "चाल बे!" तेवढंच. नंतर घरी माय रोज त्यांच्या मागं मूठ धरून उभी राहायची. बाबा वळून बघायचे, बोलायचे नाहीत.