उघडा ठिपका

इस्त्रीवालीच्या हातून आजवर कुणाचा कपडा जळला नव्हता. चुकला तो ठिपका.

रोज पहाटे ती टेकडीमागच्या जंगलात फिरून येई. पाऊलखूण, विष्ठा, खोडावरचा ओरखडा दिसला की मोबाइलच्या नकाशावर ठिपका ठेवायचा, हे वनखात्याने गावातल्या सात जणांना शिकवलं होतं. उघडा ठिपका सगळ्या गावाला दिसे, खाली ठेवणाऱ्याचं नाव. पिल्लांची जागा मात्र बंद ठिपक्यात, फक्त खात्यासाठी. बिबटीची गुहा सापडली त्या दिवशी तिला राहवलं नाही. नाव गावाला दिसावं म्हणून तिने ठिपका उघडा ठेवला.

तिसऱ्या दिवशी गुहेच्या वाटेवर बिबटी तारेच्या फासात मेलेली सापडली. तार पोटात रुतून आतडी बाहेर आली होती. चारही पंजे कुणीतरी कापून नेले होते. दोन पिल्लं तिला पलीकडच्या काट्यांत दिसली. हा ठिपका तिने बंद ठेवला. खात्याची माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती.

दुपारी धाकटा दीर दुकानात आला.

"वहिनी, पिल्लं कुठंयत?"

"मला काय माहीत?"

"आईचा पत्ता तर झोकात दिला होतास."

फास कुणाचा, ते तिला तिथेच कळलं. त्याने केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. नाकातलं रक्त गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पसरलं. त्याने तिचा फोन उचलला.

"अंगठा आण इकडे."

तिने अंगठा पुढे केला, तो तापलेल्या इस्त्रीवर. कातडी चरचरली. सोललेला अंगठा त्याने तीनदा काचेवर दाबला. फोन ढिम्म.

"मग आकडे बोल."

त्याने मनगट पिरगाळलं. हाड कडकन मोडलं. तिने ओठ असे चावले की दात आत गेले, पण आकडा फुटला नाही. शेजारच्या न्हाव्याने मागून त्याच्या डोक्यात खुर्ची घातली, तेव्हा कुठे हात सुटला.

इस्पितळात सासू उशाशी बसली. "घरचं माणूस आहे गं. इस्त्री पडली म्हण."

"आणि बिबटीवर काय पडलं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी वनाधिकारी आले. तिने दिराचं नाव सांगितलं. सासू उठून बाहेर गेली.

"आणि जागा मी दाखवली," ती म्हणाली. "तेही लिहा."

त्यांनी लिहून घेतलं.

"पिल्लं?"

"एक उपाशी मेलं," ते म्हणाले. "एक आहे."