साखळीतला हात

लातूरला कॉलेजच्या कबड्डी सामन्यांना औशाचे एक कारकून हमखास माझ्या शेजारी येऊन बसत. कॉलेजात असताना ते डावा कोपरा सांभाळायचे. सामना रंगला की शेजारच्याचं मनगट आवळायची त्यांना खोड. मला ती मुळीच आवडत नसे, पण सांगणार कोण?

एकदा मी म्हणालो, "चढाईवाला चपळ असला की बचावाला पांगवतो. मग हातात हात धरलेली साखळीही तुटतेच."

ते फणकारले. "साखळी तुटत न्हाई, सर. एकजण भिऊन हात सोडतंय."

यंदा अंतिम सामन्यात नांदेडच्या चढाईवाल्यानं आमच्या पोरांना या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचवलं. शेवटच्या चढाईत तो डाव्या कोपऱ्यावर झेपावला. इकडे माझं मनगट असं पिळवटलं, की मी हिसडा देऊन ते सोडवून घेतलं. तेवढ्यात मैदानातल्या जोडीचेही हात सुटले. गडी निसटला, आम्ही हरलो.

नांदेडवाले नाचायला लागले. कारकून मात्र माझ्याकडंच बघत होते.

"बघा. तुमीबी सोडलाच."

आता ते कुंपणाचा लोखंडी पाइप आवळून सामना बघतात. मी हाक मारली तरी मान वळवत नाहीत.