मास्तरची मशीन आणि माझी परात

आमच्या परमेश्वर मास्तरला करता काय येत न्हाई, पण समजावून सांगायला एक नंबर. मी त्याची आई, सारजाबाई. जल्म मीच दिला, त्यामुळं नावं ठेवायचा पहिला हक्कबी माझाच. झेडपीच्या शाळेत मास्तर हाय, शिरूर कासारात पक्कं घर बांधलंय, आन घरात एखादी वस्तू बिघडली की लगेच पाना घेऊन बसतो. त्याचा हात लागला की ती वस्तू भंगारातच गेली म्हणून समजा.

हे लहानपणापासूनचं. मी आन त्याचा बाप ऊसतोडीला जायचो, हा गावाकडं आजीपाशी. एका साली आमी माघारी आलो तर ह्यानं रेडिओ खोलून परत जोडून ठेवलेला, आन सहा स्क्रू उरलेले. बाप म्हणला, हे काय बे? तर हा म्हणतो कसा, कंपनीनं जास्तीचे लावले होते. त्या रेडिओतनं नंतर कधी आवाज निघाला न्हाई. ते स्क्रू त्यानं डब्यात जपून ठेवले. आज त्या डब्यात कूलरचे हायत, मिक्सरचे हायत, शेजारच्या बंकटच्या शिलाई मशीनचेबी हायत. डबा भरला, पण ह्याचं डोकं रिकामंच राहिलं.

सून माझी सुकन्या. मला आत्या म्हणती. पोरगी नर्सचं शिकलेली, लग्नानंतर सहा वर्सांनी तिला आरोग्य उपकेंद्रात नोकरी लागली. सकाळी साडेसातची बस. मास्तरनं तवा भाषण ठोकलं, “बाईनं नोकरी करावी, माझा विरोध न्हाई. फक्त घरातलं काही अडू नये.” अडायचे ते भांडे. दिवस उगवायच्या आत स्वयंपाक करून पोरगी पळायची, सांजच्याला येऊन बघायची तर मोरीत ढीग. मास्तर साडेचारलाच घरी. पण चहा पिलेली कपबशीसुद्धा जागची उचलायचा न्हाई. खुर्चीवर बसून म्हणायचा, बघ, अडलं का न्हाई?

मग सुकन्यानं पगारातनं भांडे धुवायची मशीन आणली. सगळी गल्ली बघायला आली. मी मात्र तोंड वाकडं केलं. खोटं कशाला बोलू, माझं पोट दुखलं. तीस साल कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत, म्हंजी झोपडीत, गारठ्यात राखेनं भांडे घासले. सारजे, हात फुटलेत का, असं एका माणसानं विचारलं न्हाई. आन हिला बटन दाबलं की झालं.

तीन महिने मशीन बरी चालली. मग ताटावर पांढरे कण दिसाया लागले. हात फिरवला तर खरखरीत. पुढं वाट्या तशाच उष्ट्या निघू लागल्या, आन शेवटी मशीनच्या तळाला पाणी साचून वास सुटला. मास्तरला इतका आनंद झाला, जसं काय प्रमोशन मिळालं. सुंदर अक्षरात त्यानं सुकन्याचा राजीनामा स्वतः लिहिला. म्हणला, येत्या रविवारपर्यंत मशीन चालली तर नोकरी, न्हाई तर ह्यावर तारीख टाकायची. पोरगी चिडली, चालंलच म्हणली, आन रागाच्या भरात सही करून बसली. कागद गेला फ्रिजवर. नुसती तारीख राहिली होती.

आता चालवून दाखवायची कुणी? मास्तरनंच! मोबाईलवर कुणीतरी सांगितलं की बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पांढरं चढतं, मशीनमदी मीठ घालावं लागतं. मिठाचा कप्पा वेगळा, मीठबी वेगळं. आमच्या शहाण्यानं किलोभर खडेमीठ तळालाच ओतलं. त्या दिवशीचे भांडे चाटून बघितले असते तर लोणच्याची गरज पडली नसती. दुसऱ्या दिवशी मशीन ओढून मागचा पाईप बघायला गेला. नव्या फरशीवर हातभर ओरखडा पाडला, पाईप उपसला, आन स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. सुकन्यानं ड्युटीवरनं येऊन ते पुसलं, पाईप परत बसवला. तिसऱ्या दिवशी मान हलवून निदान केलं, “मोटार जळली.”

म्या म्हणलं, “जळली तर मग आत गुरगुरतंय कोन, तुझा बाप?”

“आई, तुला त्यातलं कळत न्हाई. ही खरकटं न काढता ताटं लावती, म्हणून जळली.”

हे निखालस खोटं. ती पोरगी ताटातला शेंगदाण्याचा कूटसुद्धा बोटानं निपटून मगच ताट आत लावायची. कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावला, तर तो बीडहून दहा दिवसांनी येणार. रविवार चार दिवसांवर.

रविवारी दुपारी मास्तर जेवून मोबाईल छातीवर ठेवून घोरत पडला. सुकन्या मशीनम्होरं बसली, मांडीवर मशीनचं पुस्तक. आठवडाभरात ते पुस्तक मास्तरनं उघडलंसुद्धा न्हाई. पुस्तक वाचणं त्याला कमीपणाचं वाटतं, का, तर तो मास्तर.

“आत्या, ह्यात लिहिलंय, पाणी साचलं तर आदी खालची जाळी काढून धुवा. ह्यांनी जाळी काढलीच न्हाई.”

तिनं बटन बंद केलं, पिन काढली. आमी दोघींनी वाटीनं पाणी उपसलं. मी बॅटरी धरली, तिनं जाळी फिरवून वर ओढली. जाळी दिसतच नव्हती. निसता पांढरा, गिळगिळीत गोळा. म्या त्यात बोट घातलं, वास घेतला, आन मला लगीच कळलं.

“ही खळ हाय गं. जवारीच्या पिठाची.”

लहानपणी आमी पतंगाचा कागद चिकटवायला अशीच खळ करायचो. जवारीचं पीठ पाण्यात कालवून चुलीवर शिजवलं की ती असली चिकटती की वाळल्यावर नखानं निघत न्हाई.

“पण ही शिजली कुठं?” म्या विचारलं.

“मशीन पाणी तापवतीच की, आत्या. हात घालवत न्हाई इतकं.”

म्या बॅटरी खाली ठेवली. कारण जवारीच्या पिठाची एकच वस्तू ह्या घरात, भाकरीची परात. सुकन्या सगळे भांडे लावायची, परात तेवढी बाहेर ठेवायची, आल्यावर हातानं धुते म्हणायची. ती बसला गेली की मी काय करायची? परात तशीच पिठासगट मशीनमदी कोंबायची आन बटन दाबायची. एवढी महागाची मशीन, एका परातीला कशाला सोडायची! पाणी ऊन असतं हे मला कुठं ठावं? दार उघडल्यावर वाफ यायची, मला वाटलं इंजिन तापलं असंल. पीठ लागलेल्या भांड्यावर ऊन पाणी घालू नये, हे मी पाच वर्साची असताना आईनं शिकवलेलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. सांजच्याला परात लख्ख बघून सुकन्याला वाटायचं, आत्यानं धुतली. बसमदी सगळ्या बायांना सांगायची, माझी सासू लई चांगली, ह्या वयात माझी परात धुती. बाया मला भेटून म्हणायच्या, सारजाबाई, तुमी भाग्यवान आन सूनबी भाग्यवान. मीबी मान डोलवायची. आपलं ठेवायचं झाकून आन दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी माझी तऱ्हा.

गप बसावं असं मनात आलं. खरंच आलं. कुणाला कळणार होतं? तेवढ्यात मास्तर उठून आला. गोळा बघितला आन टाळी वाजवली.

“बघ! म्हणलो नव्हतो मी? खरकटं! आता तरी मान्य कर. घे पेन.”

फ्रिजवरनं राजीनामा काढून त्यानं तिच्यासमोर फरशीवर ठेवला. सुकन्यानं ओले हात पदराला पुसले आन पेन घेतला. तो पेन बघून माझ्या मस्तकात तिडीक गेली. त्याच्यावरबी गेली आन माझ्यावरबी. म्या तो खळीचा गोळा उचलला आन थपकन त्या कागदावर मांडला.

“खरकटं न्हाई, मुडद्या. ही माझ्या परातीची खळ हाय. रोज मीच मशीनमदी घालत होते. तारीख टाकायची तर माझ्या कपाळावर टाक.”

समजावून सांगायला मास्तरला काही सापडंना. सुकन्यानं माझ्याकडं बघितलं.

“मग ती रोज लख्ख परात...”

“मशीननं धुतली. म्या एक दिवसबी न्हाई.”

ती उठली. जाळी गार पाण्याखाली धरून तिनं जुन्या ब्रशनं घासली. पाणी उडवणाऱ्या पंख्याची भोकं खळीनं बुजलेली, ती मी गोधडी शिवायच्या दाभणानं एकेक करून मोकळी केली. मशीन लावली. गुरगुर करून पाणी भडाभडा मोरीत गेलं. ताटं निघाली, हात फिरवला तर कण न्हाई. मास्तर म्हणला, “मी तेच सांगत होतो, जाम झालं असंल.” कुणी तिकडं बघितलं न्हाई.

म्या म्हणलं, “सुकन्या, उद्यापासून परात मी धुते. खरीखुरी. गार पाण्यानं.”

ती चिकट झालेला राजीनामा केराच्या डब्यात टाकत होती. माझ्याकडं पाठ करूनच म्हणली, “नगं आत्या. तुमी आजवर लई धुतली. आता ह्यांना धुऊ द्या.”

हे बोलणं मला जे लागलं, ते अजून निघालं न्हाई. पण चुकीचं काय बोलली?

सोमवारी साडेसातच्या बसनं ती गेली. मास्तर मोरीत बंबाचं ऊन पाणी सोडून परात घेऊन बसला, दोन बोटांनी पीठ खरवडत, आन मला समजावून सांगत होता की पीठ वाळायच्या आत परात धुवायची असती. म्या म्हणलं, बरं मास्तर, आन बंबाचा नळ बंद करून गार पाण्याचा सोडला.